प्रेताजवळ कोण बसलं होतं?

"आता ह्या पिक्चरमधलं प्रेत बघा," सोनालीनं मोबाईलकडं बोट रोखलं. "नदीकाठी पडलंय. दोन दिवस पडलंय म्हणत्यात. आन बाईचे केस बघा! नुकतेच विंचरून पसरल्यागत. माशी न्हाय, मुंगी न्हाय, कुत्रं न्हाय. मंग मोठी गाडी येती, काळा गॉगल घातलेला साहेब उतरतो, वाकून बघतो आन म्हणतो, खून झालाय. आरं बाबा, तू यीपर्यंत तिच्याजवळ कोण बसलं होतं?"

मोबाईल टायरच्या चळतीवर, ग्रीसच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दुकान हायवेला लागून. येरमाळ्याकडं जाणारी एसटी गेली की दुकानाचा पत्रा थरथरायचा आणि सोनाली तेवढ्यापुरती थांबायची. तिचा नवरा कुलदीप ट्रकची ट्यूब पाण्याच्या टपात दाबून बुडबुडे शोधत होता.

"जरा दमानं," तो म्हणाला. "गिऱ्हाईकं बघायल्यात."

"बघू द्या. फुकट हाय."

सोनाली गावची कोतवाल. सरकारनं अलीकडं कोतवालाला महसूल सेवक असं भारदस्त नाव दिलं होतं, पण नाव बदलल्यानं काम काही हलकं झालं नव्हतं. नोटिसा वाटायच्या, तलाठ्याचे कागद तहसीलला पोचवायचे, आणि शिवारात कुठं प्रेत सापडलं की पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. सहा वर्षांत ती सात वेळा बसली होती. उरलेल्या वेळात ती पिक्चर बघायची, आणि तेही फक्त खुनाचे. रडारडीचे नकोत, लग्नाचे तर मुळीच नकोत. बघून झालं की मोबाईलपुढं उभी राहून त्याची सालं काढायची. 'कोतवालीण बघती' या नावाचे तिचे व्हिडिओ चौदा हजार लोक बघत होते.

आज 'हिरवा रेनकोट'ची पाळी होती. त्याआधी तिनं 'चौथ्या मजल्यावरची खिडकी' झोपवला होता. खुनी आपल्याला पंधराव्या मिनिटालाच कळला, असं तिनं छातीठोक सांगितलं होतं. ज्या नटाला पिक्चरमध्ये काही काम नाही आणि तरी पोस्टरवर ज्याचं तोंड मोठं, तोच खुनी, यात डोकं कसलं लावायचं? वर्षभरात तिनं एकाच पिक्चरला चांगलं म्हटलं होतं. त्यात एक म्हातारा हवालदार टोपी काढून प्रेतावरचं कुत्रं हाकलतो, एवढ्या एका गोष्टीसाठी. 'बाईमाणसानं गप भाकरी थापाव्यात' असं कुणी खाली लिहिलं की ती उत्तर द्यायची, 'थापूनच आलेय. तुम्ही जेवलात का?'

बोलता बोलता तिचं लक्ष खाली गेलं. ट्रकच्या क्लीनरची एक चप्पल उलटी पडली होती. उलटी चप्पल म्हणजे भांडणाला आवतण. सोनालीनं बोलणं न थांबवता पायाच्या अंगठ्यानं ती सरळ केली आणि दुसरीच्या शेजारी नीट सरकवून ठेवली. ही तिची लहानपणापासूनची खोड होती.

"लोकाच्या चपला सांभाळतीस," कुलदीप टपातून मान वर न काढता म्हणाला, "आन नवऱ्याची हरवून येतीस."

"चार वर्षं झाली की त्याला! घाईत पायाला लागली ती घालून ड्युटीवर गेले, गर्दीत कुणी तरी नेली. आजून किती दिवस तेच तेच?"

"कातडी व्हती. तुळजापूरची."

मोबाईल बंद करून ती वळली, तेव्हा रस्त्यापलीकडं चिंचेखाली गजराबाई उभी दिसली. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती तिथंच थांबली, मग दोन्हीकडं बघून रस्ता ओलांडून आली. चार वर्षांत गावातल्या एकाही कार्याला न गेलेली बाई आपण होऊन कुणाच्या दारात आली, हेच नवल होतं. सोनालीनं स्टूल पुसून पुढं केलं. गजराबाई बसली नाही.

"त्या कृष्णराजचा पिक्चर दावणार हायत म्हणं. रविवारी."

"व्हय मावशी. कार्यालयात. अकरा वाजता."

"माझ्या सृष्टीचा हाय म्हणत्यात."

सोनालीनं स्टूल आणखी पुढं सरकवलं. "पोरीचं नाव बदललंय म्हणं," ती म्हणाली.

"नाव बदलून काय व्हतंय? विहीर तर तीच हाय. माझ्याच बांधावर येऊन शूटिंग केलं की त्यांनी." गजराबाईनं पदर घट्ट ओढून घेतला. "म्या न्हाय जाणार. तू जाणार. लोकाचे पिक्चर बघून खरं-खोटं करतीस न्हवं? मंग ह्यो बघ, आन माझ्या लेकीला काय दावलंय ते मला येऊन सांग. गोड करून सांगू नगंस."

"न्हाय सांगणार गोड करून."

"शप्पथ?"

"शप्पथ, मावशी."

सृष्टी वीस वर्षांची होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुट्टीला आली होती. पहाटे लाईट आली की उसाला पाणी धरायला तीच पळायची. मोटार पाणी उचलेना झाली की विहिरीच्या पायऱ्या उतरून पाइपाच्या बुडाशी अडकलेला पाला तीच काढायची. चैत्रातल्या एका सकाळी ती पायऱ्यांवरून घसरली. कागदोपत्री अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण मिटलं. गावात मात्र मिटलं नाही. 'कुणी तरी सोबत व्हतं तिच्या,' असं एक वाक्य गावात सुटलं आणि चार वर्षं मोकाट फिरत राहिलं. कुठून आलं ते कुणी सांगेना. विचारलं तर म्हणायचे, पंचनाम्यातच हाय तसं. त्यापायी पोरीच्या वर्षश्राद्धाला माणसं आली नाहीत. मोठा भाऊ पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. सोनाली दर वेळी भांडायची, "दिवसभर म्या बसले होते तिच्याजवळ, मला काय दिसलं न्हाय आन तुमाला घरात बसून दिसलं व्हय?" पण गावाला तिच्या बोलण्यापेक्षा ते वाक्य जास्त गोड लागायचं.

दोन वर्षांपूर्वी कृष्णराज तिच्याकडं आला होता. गावचे पुढारी बलभीमअण्णा यांचा मुलगा, पुण्यात सिनेमाचं शिकून आलेला, बोलायला गोड. मोबाईल पुढं ठेवून त्यानं तिला दोन तास बोलतं केलं. प्रेताजवळ नऊ तास बसणं म्हणजे काय, हे तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. उठताना तो म्हणाला होता, "ताई, तुमचा सीन म्हणजे पिक्चरचा जीव आहे." सोनालीनं हे तलाठ्याला सांगितलं, माहेरी सांगितलं, चौदा हजार लोकांनाही सांगितलं. कुठल्या तरी पिक्चरमध्ये एकदा तरी प्रेताजवळ बसलेलं माणूस दिसणार, ह्या आशेवर तिनं दोन वर्षं काढली होती.

रविवारी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. लग्नाच्या स्टेजवर पडदा. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बलभीमअण्णा, फेटा बांधलेले. मागं खुर्च्यांवर सगळं गाव, कारण सगळ्या गावानं पिक्चरमध्ये काम केलं होतं. कुणी बाजारात उभं होतं, कुणी बैलगाडी हाकली होती. स्वतःचं तोंड दिसलं की माणसं शिट्ट्या मारत होती. कुलदीप सोनालीच्या शेजारी बसून भजी खात होता.

पिक्चरचं नाव 'चार परस पाणी', परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली. पहिली वीस मिनिटं सोनाली खुर्चीच्या कडेला बसून बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला आवडत होता. पाटाच्या पाण्याचा आवाज खरा होता. विजेच्या डीपीवरचा फ्यूज टाकायची पद्धत खरी होती. पोरगी तेवढी खोटी वाटत होती, सारखी आरशापुढं, सारखी ओठ चावत, पण म्हटलं असू दे, नटीच ती.

मग विहीर आली. कॅमेरा पाखरागत वरून फिरला. विहिरीच्या काठावर ताडपत्री, ताडपत्रीवर पोरगी. केस पसरलेले. जवळ कुणी नाही. सोनालीनं डोळे ताणून बघितलं. बाभळीखाली नाही, मोटेच्या जुन्या धावेवर नाही, कुठंच कुणी नाही. कॅमेरा चांगला तीन वेळा फिरला आणि तिन्ही वेळा पोरगी एकटीच होती.

तेवढ्यात गाडी आली. काळा गॉगल उतरला.

असल्याच सीनची सोनाली मोबाईलपुढं सालं काढायची. तरी ती बघत राहिली. गॉगलवाला साहेब विहिरीच्या काठाशी उकिडवा बसला. पडद्यावर चपला दिसल्या. एक जोड बाईचा, गुलाबी पट्ट्याचा. त्याला लागून पुरुषाचा जोड, काळ्या कातड्याचा. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या वायरीनं बांधलेला.

"आगं," कुलदीप भजं हातात धरून म्हणाला, "ही तर माझी..."

आणि त्यानं भजं परत कागदात ठेवलं.

पडद्यावरचा साहेब उठला, गॉगल पुसला, शेजारच्या हवालदाराला म्हणाला, "घसरून पडणाऱ्या पोरीची चप्पल अशी सरळ, शेजारी शेजारी नसते. दोघं निवांत बसली होती इथं. हा दुसरा जोड ज्याचा, तो तिचा यार. आणि तोच खुनी." कार्यालयात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "बघ. म्या म्हनलं न्हवतं?"

सोनालीला पुढचा पिक्चर दिसला नाही. तिला चैत्रातली ती सकाळ दिसत होती. सात वाजता बोलावणं आलं, उंबऱ्याशी कुलदीपच्या चपला होत्या, त्यात पाय सरकवून ती पळाली होती. माणसांनी पोरगी वर काढून ताडपत्रीवर ठेवली आणि पोलिसांची कटकट नको म्हणून लांब बाभळीखाली जाऊन उभी राहिली. घरी गजराबाई शुद्धीवर नव्हती. प्रेताजवळ चप्पल घालून बसत नसतात, म्हणून सोनालीनं चप्पल काढली. तिथंच सृष्टीच्या गुलाबी चपला पडल्या होत्या. एक हातभर लांब, दुसरी उलटी. मेल्यावर तरी पोरीच्या नशिबी भांडण नको, असं काही तरी मनात आलं असेल, किंवा काहीच आलं नसेल. पायाच्या अंगठ्यानं तिनं ती सरळ केली. दुसरी जवळ ओढली. आपल्या चपला त्यांना लावून ठेवल्या. पोलीस यात्रेच्या बंदोबस्तावर अडकले होते, ते चार वाजता आले. प्रेताबरोबर ती अनवाणीच दवाखान्याच्या गाडीत बसली, चपला तिथंच राहिल्या. ती गेल्यावर विहिरीवर पंचनामा झाला. पंच म्हणून सही बलभीमअण्णांची.

चार वर्षं ते वाक्य कुठून आलं म्हणून ती लोकांशी भांडत होती. ते तिच्याच पायातून आलं होतं.

कुलदीपनं तिचं मनगट धरलं. त्याच्या बोटांचं तेल तिच्या बांगड्यांना लागलं.

"आता काय बोलू नगंस," तो कानाशी म्हणाला. "दुकानाची जागा अण्णांची हाय. आन तुझी नोकरी..."

"सोडा हात."

सतरंज्या निघाल्या, ऊन आत आलं. सत्कार सुरू झाले. शाळेचे शिवकुमार सर सूत्रसंचालनाला होते. शाल, नारळ, पुन्हा शाल, असं चाललं होतं. मग सर माइकवर म्हणाले, "आपल्या गावात एक नामांकित समीक्षकसुद्धा आहेत! चौदा हजार लोक त्यांचं ऐकतात. सोनालीताई, दोन शब्द. आज तरी चांगलं बोला बरं का!"

गाव हसलं. सोनाली उठली तशी कुलदीपनं डोळे मिटून घेतले.

माइक तिनं दोन्ही हातांनी धरला. रोज टायरच्या चळतीपुढं बोलणारी बाई, आज समोर खरी माणसं होती. मग तिला पहिल्या रांगेत कृष्णराज दिसला, हसत, मोबाईलवर तिचंच शूटिंग घेत.

"कृष्णराज," ती म्हणाली, "त्या काळ्या चपला कुठून आणल्या?"

"बनवून घेतल्या ताई." त्याचा चेहरा खुलला. "पंचनाम्यातला फोटो मिळाला होता. हुबेहूब तशाच बनवल्या. ती निळी वायरसुद्धा. बारकावे लोकांच्या लक्षात येत नाहीत, तुमच्या आले बघा!"

"येणारच. त्या चपला माझ्या पायातल्या हायत."

कुणाला काही कळलं नाही. शिवकुमार सर उगीच हसले.

"म्या नऊ तास बसले होते तिथं," सोनाली म्हणाली. आवाज आधी चिरका निघाला, मग तिनं माइक जवळ घेतला. "तुमी सगळे बाभळीखाली उभे होता. बघितलंय तुमी मला. म्या नवऱ्याची चप्पल घालून आले होते. प्रेताजवळ बसायचं म्हणून काढली. पोरीची चप्पल उलटी पडली होती, ती म्याच सरळ केली. शेजारी लावून म्याच ठेवली. तिच्यासंगं दुसरं कुणी न्हवतं. कुणीसुदीक न्हवतं. चार वर्षं तुमी ज्याला तिचा यार म्हणताय, ती म्या हाय."



कृष्णराजनं मोबाईल खाली घेतला होता. "ताई, समजून घ्या," तो म्हणाला. "ही काल्पनिक कथा आहे. सुरुवातीला पाटी आहे तशी."

"काल्पनिक हाय तर चप्पल फोटोबरहुकूम कशाला करवलीस रे? आन म्या दोन तास तुला सांगितलं, उन्हात कशी बसले, काय केलं, ते कुठं गेलं?"

"लांबी वाढत होती. एडिटिंगमध्ये..."

"मला काढलंस," सोनाली म्हणाली, "आन माझ्या चपला ठेवल्यास."

बलभीमअण्णा सोफ्यावरून उठले. ते ओरडले नाहीत. त्यांना ओरडायची सवयच नव्हती.

"सोनाली, सरकारी माणूस हाईस तू. जाग्यावरच्या वस्तूला हात लावला, आपली वस्तू तिथं सोडली, हे तू आत्ता चारचौघांत कबूल करायलीस. उद्या कुणी वर लिहून कळवलं तर नोकरी ऱ्हाईल का? बस खाली. पोराचा कार्यक्रम हाय."

"दुसऱ्या कुणी लिहायची गरज न्हाय अण्णा. उद्या ठाण्यात म्याच लेखी देणार हाय. तहसीलला बी देणार." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. "चूक माझी हाय. म्या एवढ्या पिक्चरच्या चुका काढते, माझीच मला दिसली न्हाय. पण तुमी पंच होता. तुमी मला एकदा विचारायचं होतं. एका शब्दानं. कोतवालीण, ही चप्पल कुणाची गं? संपलं असतं की तितंच!"

अण्णांनी नजर वळवली ती नेमकी कुलदीपवर गेली. "कुलदीप, बायकोला घेऊन जा. दुकानाचं आपण मागनं बोलू."

कुलदीप उभा राहिला. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. त्यानं हातातला भज्यांचा कागद चुरगळून खिशात घातला.

"नऊ नंबरची हाय," तो म्हणाला. "निळी वायर म्या बांधलेली, मोटारीच्या स्टार्टरची. चप्पल ठाण्यात आसल तर मला परत पायजे."

सोनाली कार्यालयातून निघाली ती थेट गजराबाईच्या घराकडं. दुपार टळटळीत होती. मागून कुलदीपनं हाक मारली, "गाडीवर सोडतो," पण ती थांबली नाही. आपण काय सांगणार आहोत याची जुळवाजुळव ती वाटभर करत होती, आणि दारात पोचेपर्यंत सगळी विसरली. पायातल्या चपला भिरकावून ती आत शिरली.

गजराबाई सूप मांडीवर घेऊन ज्वारी निवडत होती. तिनं वर बघितलं.

"गोड करून न्हाय सांगायचं."

सोनालीनं सांगितलं. यार दाखवलाय हे सांगितलं, टाळ्या पडल्या हे सांगितलं. आणि मग चपलांचं सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. गजराबाईचे हात सुपात तसेच राहिले.

"म्हंजी चार वर्षं गाव जे बोललं," ती म्हणाली, "ते तुझ्या चपलेवरनं."

"व्हय."

"थोबाडात द्यावी वाटायलीय तुझ्या."

"द्या मावशी."

गजराबाईनं सूप बाजूला ठेवलं. सोनालीनं गाल पुढं केला नाही आणि मागंही घेतला नाही. ती नुसती बसून राहिली. पण गजराबाईचा हात उचललाच नाही. ती दुसरंच काही तरी आठवत होती.

"उलटी व्हती म्हनलीस."

"उजवी. पार पालथी. आन दुसरी हातभर लांब."

"लाईट आली की तशीच पळायची ती," गजराबाई म्हणाली. "एक चप्पल इकडं, एक तिकडं. रोज बोलायचे तिला, आगं सटवे, सरळ काढत जा, घरात भांडणं व्हत्यात. म्हनायची, आई, मोटार जळल तवर." तिचा आवाज फाटला. "मला कुणी नुसतं एवढं सांगितलं आसतं, उलटी व्हती म्हणून, तर म्याच सांगितलं आसतं समद्यांना. निवांत कुठली बसतीय ती! माझी लेक घाईत व्हती."

ती रडू लागली, तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. शेजारची बाई दारात डोकावली आणि परत गेली. सोनालीनं तांब्या भरून आणला. गजराबाईनं दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि भिंतीकडं बघत विचारलं, "ऊन लागलं का तिला?"

"पदर धरला होता. मंग बारानंतर पोत्याची सावली केली. दोन काठ्या रोवून."

"कुत्रं आलतं?"

"दोनदा. हाकललं."

"माश्या?"

"लिंबाचा डहाळा होता हातात. दिवसभर हलवला."

गजराबाईनं मान हलवली. एकदा, मग परत एकदा. चार वर्षांत हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं, आणि गावात दुसऱ्या कुणाला ते सांगता आलंही नसतं.

"हे तुझ्या मोबाईलात बोल," ती म्हणाली. "चौदा हजार हायत म्हनतीस न्हवं? समदं बोल. चपलेचं बी आन डहाळ्याचं बी. म्या बसते शेजारी. माझं तोंड दिसू दे."

"मावशी, अण्णांची माणसं येत्याल. गाव खवळंल."

"काढ म्हनलं न्हवं का."

सोनालीनं ज्वारीच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. चौकटीत गजराबाई नीट येईना, म्हणून डबा थोडा फिरवला. तसं मागचं दार आलं, उंबरा आला. उंबऱ्याबाहेर तिच्याच चपला पडल्या होत्या, येताना भिरकावलेल्या. एक सरळ, एक पालथी. सवयीनं ती उठली आणि पायाचा अंगठा पुढं गेला.

"राहू दे," गजराबाई म्हणाली.

"भांडण व्हतंय मावशी."

"व्हऊ दे की."